पहिला अर्धा

"मामा, काही हरवलंय का?"

अस्मिता परसदारी उभी होती, हातात दुधाची किटली घेऊन. गोठ्याला वळसा घालून मी तिच्यासमोरून तिसऱ्यांदा गेलो होतो आणि तिसऱ्यांदा थांबलो नव्हतो.

"नाही गं. चालतोय."

"गोठ्याभोवती?"

"पुढं मांडव घालतायत. वाटेत सगळ्या खुर्च्या. इथं एका फेरीला एकशेदहा पावलं बसतात. अजून अठ्ठावीस फेऱ्या राहिल्यात."

गोठ्यातली म्हैस दर फेरीला मान वळवून माझ्याकडं बघत होती. मी पुढची फेरी मारून आलो तरी अस्मिता तिथंच उभी.

"मामा, आज बाबांचं तेरावं आहे."

"माहीत आहे बाळा. म्हणून तर पहाटेच उरकून घेतोय."

हे वाक्य मी खरोखर बोललो. नऊ वर्षं झाली, अजून आठवलं की कानशिलं तापतात. ती वीस-एकवीस वर्षांची पोर, बाप जाऊन तेरा दिवस झालेले, आणि मामा तिला फेऱ्यांचा हिशेब सांगतोय. ती गुपचूप आत गेली. मी अठ्ठावीस फेऱ्या पूर्ण केल्या. खरं तर एकोणतीस, कारण मध्येच मोजायचं चुकलं आणि संशयाचा फायदा स्वतःला द्यायचा नाही असा आमचा नियम होता.

आमचा म्हणजे 'शंभर दिवस, नवा मी' या ग्रुपचा. पुण्याचे कोणी निंबाळकर सर तो चालवायचे. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, फोटोत मात्र ते नेहमी कुठल्या तरी डोंगरावर उभे असत. ग्रुपमध्ये एकशे चाळीस माणसं. प्रत्येकानं आपला तक्ता करायचा. माझ्या तक्त्यात सहा रकाने होते. पावणेपाचला उठणे, दहा हजार पावलं, साखर-गूळ शून्य, वीस पानं वाचन, वीस मिनिटं ध्यान, आणि शेवटचा, राग नाही. शंभर दिवस सहाही रकान्यांत बरोबरची खूण पडली पाहिजे. एक जरी चुकली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला दिवस. पंचवीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलेल्या माणसाला हे फार पटलं होतं. पहिल्या खेपेला मी चौतिसाव्या दिवशी बाद झालो होतो. दहावीला पहिल्या आलेल्या मुलीनं पेढा दिला आणि मी खाऊन मोकळा झालो. त्या पेढ्याचं दुःख मी आठवडाभर केलं होतं.

तेराव्याचा तो दिवस दुसऱ्या खेपेचा नव्वदावा होता.

हे सगळं कशासाठी, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला सुद्धा नाही. आमचे वडील, बापू, बावन्न वर्षांचे असताना एका दुपारी जेवून उठले आणि मोरीपर्यंत पोचलेच नाहीत. मी नऊ वर्षांचा होतो. माझी मोठी बहीण शालन, म्हणजे अक्का, सोळा वर्षांची. आणि त्या तक्त्यातला शंभरावा दिवस हा माझा बावन्नावा वाढदिवस होता. तारखा मी तशाच धरल्या होत्या. शंभर दिवस पूर्ण केले की बावन्नात आपण बापूंसारखे जाणार नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. लिहिताना आता खुळ्यासारखं वाटतं, पण तेव्हा ती भीती फार खरी होती.

आणि मग अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी दाजी गेले. अक्काचे मालक. विहिरीवरची मोटार चालू करायला गेले आणि शॉक लागला. आता यात साखरेचा, पावलांचा, कशाचा म्हणून काही संबंध आहे का? काही नाही. पण बातमी आली तेव्हा मी आधी रडलो, आणि मग तक्ता घडी करून खिशात घातला. त्या दिवशीही सहाच्या सहा रकाने भरले. दाजींना घाटावर नेलं, तिथून घरापर्यंतचं अंतर मी पावलांत धरलं होतं.

विट्याच्या अलीकडं अक्काचं गाव. दशक्रिया विधीनंतर मी सांगलीला परत आलो होतो, आणि तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी मी आणि मंदा, माझी बायको, पुरणाचा डबा घेऊन पुन्हा तिकडं गेलो. आमच्या भावकीत पद्धत आहे. मयताच्या घरात तेरा दिवस गोड शिजत नाही. तेराव्याला माहेरहून पुरण जातं, पोळ्या तिथंच लाटतात. भावानं पहिला घास खायचा, दुसरा बहिणीला भरवायचा, की दुखवटा सुटला. त्यानंतर त्या घरात चहात साखर पडते, माणसं हळूहळू मोठ्यानं बोलायला लागतात.

फेऱ्या उरकून मी हातपाय धूत होतो तेव्हा अस्मिता पुन्हा आली. पहाटेचा राग तिनं गिळला असावा.

"मामा, एक सांगायचं होतं. आई खात नाहीये."

"म्हणजे?"

"अर्धी भाकरी आणि चटणी. कोरा चहा, बिनसाखरेचा. परवा न्हाणीत चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात आणून सलाइन लावावं लागेल. आम्ही सगळे सांगून थकलो. हौसा आजी रागावली, तरी नाही. म्हणते, तेराव्याला जालूच्या हातचं खाईन."

"मग आज खाईल की."

"तुम्ही नीट भरवा मामा. तिचं सगळं तुमच्यावर अडलंय."

मी "हो हो" म्हणालो. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो वेगळाच. भरवायचं ठीक आहे, पण पद्धतीप्रमाणे आधी मला खायला लागणार, त्याचं काय करायचं? पुरण म्हणजे गूळ, आणि गूळ शून्य.

मंदा स्वयंपाकघरात कणीक तिंबत होती. तिला बाजूला बोलावून मी हळूच म्हणालो, "मी तो घास नुसता ओठाला लावला तर चालेल का?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी लगेच सारवासारव केली. "म्हणजे, शास्त्रापुरतं."

"अहो, एक घास आहे. चांगला खा आणि तिला भरवा. कोण फाशी देणार आहे तुम्हाला?"

"एका घासाचाच प्रश्न असतो मंदा. नव्वद दिवस झालेत. दहा राहिलेत."

"तुमच्या दाजींचं तेरावं आहे आणि तुम्ही..."

"तू मला शिकवू नकोस!" मी ओरडलोच. पोळपाटाजवळ बसलेल्या दोघी बायकांनी वर बघितलं. मंदाचा चेहरा उतरला, ती पिठाचे हात तसेच घेऊन आत गेली. तिचं सगळं खरं होतं, म्हणून तर माझा इतका संताप झाला होता.

परसात जाऊन मी ग्रुपवर लिहिलं. 'घरात दुःखद विधी आहे. गोडाचा एक घास खावा लागणार. काय करावं?' पाच मिनिटांत निंबाळकर सरांचं उत्तर आलं. 'कारणं रोज नवीन येतात, ध्येय एकच असतं. हीच तुमची परीक्षा!' पुढं ताठ दंडाचं चित्र. त्याखाली अकरा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कोण गेलं, हे एकानंही विचारलं नव्हतं. आणि मलाही तेव्हा ते खटकलं नाही, याचा आता जास्त त्रास होतो.

नाश्त्याला शेजारच्या घरून पोहे आले, वरून साखर भुरभुरलेली असणार म्हणून मी घेतले नाहीत. चहाही तिथूनच आला, घेतला नाही. "घ्या की", "एवढं तरी घ्या", "अवो, बिनसाखरेचा करू काय?" प्रत्येकाला तेच ते उत्तर. शेवटी एका म्हाताऱ्यानं आपुलकीनं विचारलं, "गुरुजी, पोट बिघडलंय व्हय?" मी "हो" म्हणून टाकलं. उजवा गुडघा ठणकत होता. पंधरा दिवसांपासून तो सुजला होता, पण गुडघ्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

जेवणाआधी मी अक्काला भेटायला माजघरात गेलो. भिंतीला टेकून बसली होती. तेरा दिवसांत तिचे हात काड्यांसारखे झाले होते. मी शेजारी बसलो.

"आलास व्हय चालून?" तिनं विचारलं.

"हो."

"मंदा म्हणत हुती, गुडघा दुखतूय तुजा."

"थोडासा."

"मग कशाला चालतूयास?"

"आता दहाच दिवस राहिलेत अक्का."

"आनि फुडं?"

पुढं म्हणजे पुढचे शंभर. सर तसंच सांगायचे.

अक्का माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "जालू, आज तू आदी खाशील न्हवं?"

"पद्धतच आहे ना ती."

"पद्धतीचं ऱ्हाऊ दे. तू खाशील न्हवं?"

"खाईन की अक्का," मी म्हणालो, आणि दुसरीकडं बघायला लागलो.

तिनं दुसऱ्यांदा का विचारलं, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. ती पद्धतीत कडक आहे, एवढाच अर्थ मी काढला. शिस्तीच्या माणसाला सगळ्यांची शिस्तच दिसते.

दाजींना शिस्त नव्हती, असं माझं ठाम मत होतं. बावीस वर्षं साखरेचा आजार होता त्यांना. एखादा माणूस गोड कायमचं सोडतो, नाहीतर बिनधास्त खातो. दाजी दोन्हीतलं काही करायचे नाहीत. लाडू आला की मधोमध मोडायचे, अर्धा खायचे आणि ताट सरकवून उठायचे. पोळी अर्धी, जिलबीचा अर्धाच वेढा, चहा अर्धा कप. फिरायला निघाले तर देवळापर्यंत जायचे आणि पारावर बसायचे. त्याआधीच्या दिवाळीत मी त्यांना ऐकवलंही होतं. "दाजी, अर्ध्यानं काही होत नाही. एक तर पूर्ण सोडा. हे अर्धं टाकून उठणं म्हणजे अन्नाचीही नासाडी."

ते मोठ्यानं हसले होते. "पावनं, बावीस वर्सं अर्ध्यावरच चाललंय की आमचं. काय बिघडलं?" मग स्वयंपाकघराकडं बघून ओरडले होते, "आगं, तुजा भाऊ मला नापास करतोय बग!"

दुपारी बाराला ताटं मांडली. माजघरात बायका दाटीनं बसल्या. मधल्या पाटावर मी, समोर अक्का, दोघांत एकच ताट. ताटात एक पोळी, तुपाची वाटी. हौसा आत्या, बापूंची धाकटी बहीण, ऐंशीची म्हातारी, शेजारी बसून सांगत होती, "घे रं जालिंदर. तोड घास."

मी हात पुढं केला, पण अक्कानंच पोळीचा चतकोर तोडला. तो तिनं नीट मधोमध दोन केला. एक तुकडा माझ्या हातात ठेवला, दुसरा ताटाच्या कडेला. मग माझ्याकडं बघत बसली. तसं तिनं माझ्याकडं त्या तेरा दिवसांत एकदाही बघितलं नव्हतं.

मी घास तोंडात घातला आणि गालात सारला.

ही विद्या मला लहानपणापासून येत होती. बापू गेले त्या वर्षी मला हिवतापानं धरलं होतं. त्या गोळ्या कडूजहर. मी गोळी गालात धरून पाणी पिऊन टाकायचो आणि मग परसात जाऊन थुंकायचो. दोन वेळा जमलं. तिसऱ्या वेळी अक्कानं पकडलं. तेव्हापासून प्रत्येक गोळीनंतर ती म्हणायची, "आ कर." मग तोंडात डोकावून, जीभ उचलायला लावून बघायची, आणि मगच सोडायची.

त्या दिवशी ती आ कर म्हणाली नाही. मी दोन वेळा जबडा हलवला, आवंढा गिळल्यासारखं केलं, आणि रुमाल काढून तोंडावर धरला. डोळे मिटून, खांदे पाडून. घास रुमालात उतरवला, रुमाल खिशात गेला.

"भावाला भरून आलं गं," हौसा आत्या म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. तिच्यामागं चार बायका रडायला लागल्या.

मग ताटाच्या कडेचा तुकडा उचलून मी अक्काला भरवला. तिनं तो हळूहळू चावला. फार वेळ चावत होती. गिळला तेव्हा गळ्याची शीर हललेली मला दिसली. मग तिनं आपल्या हातानं आमटीभात घेतला, तोही खाल्ला. दारात उभी असलेली अस्मिता तोंड दाबून रडत होती, आणि रडतारडता माझ्याकडं बघून तिनं हात जोडले.

मी चूळ भरली. चार वेळा. मनात म्हणालो, वा जालिंदरराव, दोन्ही साधलं. बहीण जेवली, तक्ताही मोडला नाही. संध्याकाळी सहाही रकान्यांत खुणा केल्या. 'राग नाही' या रकान्यापाशी पेन क्षणभर अडलं, मंदावर ओरडलो ते आठवलं. पण तो राग नव्हता, समज देणं होतं, असं ठरवलं आणि खूण करून टाकली. ज्या माणसानं फेरीचा संशयाचा फायदा घेतला नव्हता, त्यानंच हे केलं. मग सदरा खुंटीला अडकवला आणि झोपलो.

एक्याण्णवाव्या दिवशी पावणेपाचला उठून, दुसरा सदरा घालून, मी कालव्याच्या रस्त्यानं निघालो. मांडव मोडला होता, रस्ता मोकळा होता. गुडघ्यानं सहाव्या हजारालाच मान टाकली, तरी मी ओढत दहा पुरे केले. परत आलो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. परसदारच्या पायरीवर अक्का बसली होती. पुढ्यात माझा कालचा सदरा, आणि उजव्या तळहातावर माझा रुमाल, उलगडलेला.

त्यात तो घास होता. त्याच्यावर काळ्या मुंग्या लागल्या होत्या. ती त्या झटकत नव्हती. मुंग्या तिच्या मनगटावर चढत होत्या.

"धुवाय टाकावा म्हनून सदरा काडला," ती म्हणाली. "खिडकीपासनं खुंटीपर्यंत रांग लागली हुती मुंग्यांची."

"अक्का, मी सांगतो..."

"माज्या घरचं गोड चालत न्हाई का तुला आता?"

"असं काय बोलतेस!"

"मग काय? हेनी गेलं म्हनून? कुनी काय सांगितलं तुला?"

मी घाईघाईनं खिशातून तक्ता काढला, घड्या उलगडल्या आणि तिच्यापुढं धरला. तिला पावलं सांगितली, साखर सांगितली, ग्रुप सांगितला, निंबाळकर सर सांगितले. नव्वद दिवस कसे काढले ते सांगितलं. बोलता बोलता माझा आवाज मुलांना शिकवताना चढतो तसा चढला. ती सातवी शिकलेली. तिनं ओळीवरून बोट फिरवत कालच्या दिवसापाशी आणलं.

"ह्ये काल?"

"हो."

"सगळं बरुबर?"

"हो."

"ह्यो शेवटचा कसला रकाना?"

"राग नाही."

"मंदावर वरडलास की काल. हितं आत आयकू आलं मला."

"ते... अक्का, ते सोड. तू जेवलीस ना? ते महत्त्वाचं होतं. माझ्या खाण्या-न खाण्यानं काय बिघडलं?"

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. तिचा चेहरा वाट चुकलेल्या माणसासारखा झाला.

"मग मी कुनासंगं खाल्लं रं?" ती म्हणाली.

मला समजेना.

"त्येंची साखर निघाली त्या दिवशी डाक्टरनं समदं बंद सांगितलं. त्येंनी चार दिस बंद केलं. पाचव्या दिवशी घरातल्या मानसांवर, गड्यांवर, म्हशीवर सुदीक खेकसाय लागले. मग मीच म्हनलं, आवो, अर्दं तुमी खावा, अर्दं मी खाते. हाय काय त्यात? तवापासनं बावीस वर्सं. त्येंनी अर्दं खायाचं, ताट सरकवायचं आनि मी उरल्यालं अर्दं खायाचं. अस्मीच्या बारशाला बी तसंच. तुज्या लग्नात बी तसंच. अख्खा लाडू कसा लागतो ते मी इसरले जालू."

ताट सरकवून उठणारे दाजी माझ्या डोळ्यांसमोर आले. मी त्यांना अन्नाची नासाडी म्हणालो होतो.

"तेरा दिस समदी म्हनत्यात, खा, खा. कुनाचं उरल्यालं खाऊ? पयला अर्दा कुनी खाल्ल्याबिगर माज्या घशाखाली उतरतच न्हाई. म्हनलं, जालू हाय. जालू खाईल पयला, मग मी खाईन. मी लई मन घट्ट करून खाल्लं रं काल." तिनं रुमालाकडं बघितलं. "आनि तू हितं ठिवलंस ह्ये."

मला एवढी लाज आयुष्यात वाटली नाही. बापू गेल्यावर जिनं मला नऊ वर्षांच्या पोराला स्वतःच्या ताटातलं भरवलं, तिनं मागून मागून माझ्याकडं एक घास मागितला होता. नव्वद दिवस मी पहाटे उठलो, मैलोनमैल चाललो, आणि जिथं बोटभर तुकडा गिळायचा होता तिथं नापास झालो. स्वतःचा, त्या तक्त्याचा, त्या डोंगरावरच्या माणसाचा असा संताप आला की मी तक्ता चोळामोळा करून फेकला आणि ताडताड स्वयंपाकघरात शिरलो. फडताळातून पोळ्यांचा डबा ओढला. झाकण खणकन खाली पडलं. थंड झालेल्या दोन पोळ्या एकावर एक ठेवून मी गुंडाळल्या आणि अख्खी गुंडाळी तोंडाशी नेली. डब्यातल्या सगळ्या संपवायच्या असं मी ठरवून टाकलं होतं.

अक्कानं मागून येऊन माझा हात धरला. काड्यांसारखा झालेला तो हात, पण पकड तीच जुनी.

"ह्ये काय चाललंय?"

"खातोय! सगळ्या खातो. तू बघ."

"आता ह्येचा बी शंबराचा नेम धरलायस व्हय?"

चुलीजवळ मंदा चहाचं आधण ठेवत होती. ती एकदम हसली, आणि हसल्याबद्दल स्वतःच दचकली. त्या घरात तेरा दिवसांत कुणी हसलं नव्हतं. अक्काच्याही ओठांच्या कडा हलल्यासारख्या वाटल्या. माझ्या डोळ्यांतून मात्र पाणी यायला लागलं होतं आणि या खेपेला हाताशी रुमाल नव्हता.

अक्कानं माझ्या मुठीतली गुंडाळी सोडवली. एक पोळी डब्यात परत टाकली. दुसरी उलगडून तिचा चतकोर तोडला, उरलेली झाकून ठेवली. चतकोराचे मधोमध दोन केले. सगळं सावकाश, जणू आम्हाला दिवसभर दुसरं काम नव्हतं.

"मंदा, च्यात साकर घाल," ती म्हणाली. "अर्दा चमचा. तुज्या नवऱ्याच्या बी."

मंदानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं डब्यातून चमचा काढला, बोटानं अर्धी साखर परत डब्यात पाडली आणि उरलेली माझ्या कपात घातली.

"बस हितं," अक्का मला म्हणाली. मी गुडघा धरत चुलीपुढं बसलो. ती समोर बसली. एक तुकडा तिनं माझ्या तळहातावर ठेवला, दुसरा आपल्या हातात धरून ठेवला.

मी तो तोंडात घातला. शिळं पुरण, वरची पोळी जरा चिवट झालेली. वेलदोड्याचा वास अजून होता. सव्वाशे दिवसांत, दोन्ही खेपा धरून, मी एका पेढ्याशिवाय गोड खाल्लं नव्हतं. ते चांगलं लागलं, आणि तेवढंच पुरे झालं. मी गिळला.

अक्का तिचा तुकडा हातात धरून तशीच बसली होती. खात नव्हती.

"खाल्ला अक्का. खरंच खाल्ला."

तिनं माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. मग पुढं सरकली आणि माझी हनुवटी दोन बोटांत धरली.

"आ कर," ती म्हणाली.

दारात अस्मिता येऊन उभी राहिली होती. मंदा हातात कप घेऊन बघत होती. पिकल्या मिशांचा मी, एक्कावन्न वर्षांचा गणिताचा मास्तर, त्या दोघींच्या देखत मोठा आ केला. जीभही उचलून दाखवली. तिनं डावा गाल बघितला, उजवा गाल बघितला.

मग तिनं उरलेला अर्धा तोंडात घातला.